पोकलेन घेण्याआधी

चि. भाच्यास,


वीस टनी पोकलेन घ्यायचा तुझा विचार पक्का झाल्याचे ताईकडून कळले. टाटा हिताची, ह्युंदाई, कोमात्सू, जेसीबी, सॅनी अशी सगळी कोटेशने आली आहेत आणि घरात चर्चा चालली आहे ती लाख-दोन लाखांच्या फरकावर. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

किमतीच्या आधी हंगाम बघ. आपले मंगळवेढ्याचे रान रब्बीचे. इथल्या ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा कुठे शिवार मोकळे होते. शेततळी, विहिरी, बांधबंदिस्ती, तलावातला गाळ ही सगळी कामे तिथून पाऊस लागेपर्यंत उरकायची. एकदा काळी जमीन भिजली की एवढे जड मशीन रानात घालता येत नाही. एप्रिलात दहा दिवस मशीन उभे राहिले तर ती कमाई त्या वर्षी भरून निघत नाही. बँकेचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार मात्र चालूच राहतो. शेतकरी तरी किती थांबणार? तो दुसऱ्याचे मशीन लावतो आणि पुढच्या वर्षी त्यालाच बोलावतो.

मशीन कुठल्याही कंपनीचे असो, कधी ना कधी बिघडणारच. प्रश्न आहे तो किती दिवसांत पुन्हा चालू होते याचा. त्यासाठी कागदावर दोन याद्या कर. पहिल्या यादीत हायड्रॉलिक होज, पिन-बुश, बकेटचे दात, बकेटचे वेल्डिंग. ही कामे पंढरपूर-सोलापूरचे कारागीर करतात. फुटलेला होज दाखवला की त्याच मापाचा नवा दाबून मिळतो. दुसऱ्या यादीत हायड्रॉलिक पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, स्विंग मोटर, फायनल ड्राइव्ह, इंजेक्टर, सेन्सर आणि कंट्रोलर. इथे लेथवाल्याचे काही चालत नाही. हल्लीच्या इंजिनात तर कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडेपर्यंत दोष कुठे आहे हेच नक्की होत नाही. कंपनी निवडायची ती या दुसऱ्या यादीसाठी.

ह्युंदाई आणि सॅनीचे कारखाने चाकणला, टाटा हिताचीचा धारवाडला. म्हणून ‘माल जवळच आहे, काळजी सोडा’ असे तुला ऐकवतील. पण कारखान्यात नवे मशीन तयार होते. तुझ्या बिघडलेल्या मशीनचा पंप डीलरच्या गोदामात आज शिल्लक आहे का, ही गोष्ट वेगळी. दुसरी यादी डीलरपुढे ठेव. प्रत्येक भागाची किंमत, तो कुठल्या गोदामात असतो आणि मंगळवेढ्यात यायला किती दिवस लागतील, हे लिहून माग. सर्व्हिस इंजिनियर राहतो कुठे, त्याच्याकडे किती मशीन आहेत, हेही विचार. बहुतेक मशीनची सर्व्हिस २५० तासांच्या टप्प्यांनी येते. दिवसाला दहा तास काम धरले तर पंचवीस दिवसांत तो माणूस दारात यायला हवा. वॉरंटीच्या कागदावर वर्षे आणि तास दोन्ही असतात, यातले जे आधी भरेल ते धरतात. आणि झिजणारे भाग सहसा तिच्यात येत नाहीत. सहीआधी ते वाच.

मग दोन दिवस काढ आणि सांगोला, पंढरपूर, मोहोळ, जतकडे चालू असलेल्या साइटवर जा. मालकाआधी ऑपरेटरला आणि मेकॅनिकला गाठ. मागच्या उन्हाळ्यात मशीन किती दिवस उभे होते आणि कशासाठी, एवढेच विचार. ज्या कंपनीची मशीन या पट्ट्यात जास्त, तिचे फिल्टर, सील किट आणि हात बसलेला मेकॅनिक इथेच सापडतो. उद्या मशीन विकायचे झाले तरी तिच्याच मशीनला गिऱ्हाईक मिळते.

भरवशाचा निम्मा भाग मात्र तुझ्या हातात आहे. काळ्या रानात काम झाले की चेन आणि रोलरमध्ये बसलेला चिखल त्याच संध्याकाळी पहारीने काढायला लाव. रात्रीत तो वाळून घट्ट झाला की रोलर फिरत नाही, नुसता घासला जातो. दक्षिणेकडच्या गावांत मुरूम आणि त्याखाली पाषाण लागतो; तिथे बकेटचे दात वेळेवर बदल, नाहीतर अडॅप्टरच झिजू लागतो. साइटवर बॅरलचे डिझेल गाळूनच भर आणि वॉटर सेपरेटरमधले पाणी रोज सकाळी सोड. हायड्रॉलिक तेलात गेलेली बारीक धूळ कुठलाही ब्रँड पाहत नाही, पंप खातेच. ग्रीसचा डबा आणि तासांची वही तुझ्या नजरेखाली राहू दे.

माझे मत सरळ आहे. ज्या डीलरचा माणूस फोन केल्यापासून चोवीस तासांत तुझ्या बांधावर येईल आणि दुसऱ्या यादीतले भाग तीन-चार दिवसांत पोचवण्याचे जो लेखी देईल, त्याचेच मशीन घे. त्यासाठी दोन लाख जास्त गेले तरी हरकत नाही. आणि तसा कागद हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा