हरणी

रेसमधून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडला घर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. हरणी आली तेव्हा जिन्यापुढे अडून बसली, काचेच्या दाराला धडकली, वॉशिंग मशीन सुरू झालं की कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. या जातीला मांडी मोडून बसणं जड जातं. एक तर उभी, नाही तर सोफ्यावर चारी पाय वर करून आडवी. दोन्ही कानांत आतून हिरवट गोंदण. इंग्लंडच्या ट्रॅकवर पळणारे बहुतेक ग्रेहाउंड आयर्लंडात जन्मतात आणि तिकडच्या कुत्र्यांचे दोन्ही कान गोंदलेले असतात. नाव मुलीनं ठेवलं. ज्या रानात हिला फिरवायचं, तिथं खरीच हरणं आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते रान म्हणजे लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांवरचं ॲशरिज. जुनी सरदारी जहागीर, १९२६ पासून नॅशनल ट्रस्टकडे येत गेली. कालवेवाल्या ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या स्मरणार्थ १८३२ साली उभारलेल्या स्तंभापाशी गाडी लावायची, बीचच्या झाडीतून खाली ऑल्डबरी गावाकडे उतरायचं, शेतांतून वळसा घ्यायचा. कधी गोल्डन व्हॅलीकडे जायचं. अठराव्या शतकात ‘केपेबिलिटी’ ब्राउननं आखलेलं ते कुरण इतकं नैसर्गिक वाटतं की आखणाऱ्याचा रागच यावा.

पट्टा मात्र कधी सोडला नाही. ताशी साठ किलोमीटरनं धावणारं जनावर, हाक ऐकू जाईतो दिसेनासं होणार. झाडीत फॅलो हरणांचा कळप दिसला की तिचे कान ताठ होत, पुढचा एक पाय उचललेला तसाच राही आणि अंगातली थरथर पट्ट्यातून माझ्या हातात उतरे. भुंकणं नाही, ओढाताण नाही. कळप निघून गेला की एक मोठा उसासा टाकून ती चालू लागायची.

कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या तिला शेवटपर्यंत जमल्या नाहीत. अठ्ठावीस किलोचं, नुसते पायच असलेलं ते धूड मी उचलून पलीकडे ठेवायचो आणि ती मान वळवून दुसरीकडे बघायची, जणू आमची ओळखच नाही!

आबा जतहून आले आणि तिला बघताक्षणी म्हणाले, “अरे, ही तर आपली कारवानी!” मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला असली कुत्री भेट दिली होती, हे त्यांनी शेजारच्या म्हातारबुवांना माझ्याकरवी दोनदा ऐकवलं. म्हातारबुवांनी दोन्ही वेळा टोपी काढली.

पण ऑल्डबरीच्या गव्हाच्या शेतापाशी आबा थबकले. वाट पिकाच्या मधोमध गेलेली.

“कुणाचं रान हे? विचारलंस का त्याला?”

विचारावं लागत नाही, म्हटलं. ही सगळ्यांच्या हक्काची पायवाट. पेरणीसाठी नांगरली तर चौदा दिवसांत शेतकऱ्यानंच पुन्हा करून द्यायची.

“आणि तो गप बसतो?”

ज्यांची हयात भावकीशी बांधावरून भांडण्यात गेली, त्यांना हे पटावं कसं! तरी निघाले. धोतर सावरत, एकही ताट पायाखाली येऊ नये म्हणून अंग चोरून. मागून हरणी, तीही तशीच. पुढच्या शेतात मेंढ्या होत्या. मेंढ्यांच्या मागं लागणाऱ्या कुत्र्याचा मालक गुन्हेगार ठरतो, १९५३ पासूनचा कायदा आहे, असं सांगितलं. आबांनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे घेतले. “हा कायदा बरोबर आहे,” म्हणाले.

पुढं तिच्या मागच्या पायाच्या हाडात कर्करोग निघाला. ग्रेहाउंडमध्ये तो नेहमीचा. स्तंभापाशी गवतात पडून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून लाड करून घेणं, एवढंच उरलं तिला. तेही तिनं मन लावून केलं.

ती गेल्याचं कळवलं तेव्हा आबा फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “त्या गव्हातली वाट सोडली का रे त्यानं यंदा?”

सोडली होती. चांगली मीटरभर रुंद.