ह्येचे कपडे कोण शिवता?

स्पायडरमॅनची काख उसवली होती. सकाळी शाळेत वेशभूषा स्पर्धा, आणि आदल्या रात्री भाच्याने पोशाख चढवून सोफ्यावरून जमिनीवर झेप घेतली. टर्र असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. तो रडला नाही. हात अंगाशी घट्ट धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, मला उद्या हात वर करायचाय."

घर निजल्यावर मी सुई-दोरा घेऊन बसले. ऑनलाइन मागवलेला तो पोशाख उलटा केला, तेव्हा कोऱ्या पॉलिएस्टरचा डोक्यात जाणारा वास आला. आत पाहते तर शिवणीला माया जवळजवळ सोडलेलीच नव्हती. दोन कडा कशाबशा टेकवून वरून मशीन फिरवलेलं. कापड इतकं विरविरीत की सुई घालावी तिथे धागे सरकत होते. नुसती उलटी टीप मारून भागणार नव्हतं, काखेत तुकडाच बसवायला हवा होता. आईच्या चिंध्यांच्या पिशवीत लाल रंग शोधताना, बऱ्याच वर्षांत न आठवलेली आजी एकदम कानाशी बोलली: "ह्येचे कपडे कोण शिवता गो?"

हा प्रश्न तिने मला शिरोड्याजवळच्या आजोळच्या पडवीत विचारला होता. मे महिना, मी पोटावर पडून इंद्रजाल कॉमिक्स वाचत होते. मराठी इंद्रजालचे अंक मुंबईहून निघताना मी कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणायची. आजी आंबोशी वाळत घालून आली, माझ्या हातातला अंक तिने काढून घेतला आणि मुखपृष्ठ लांब धरून पाहत राहिली. जांभळ्या घट्ट पोशाखातला, डोळ्यांवर मुखवटा चढवलेला, कमरेला पिस्तुलं लावलेला उघड्या जंगलातला गोरा माणूस. "ह्यो कोण?" मी म्हटलं, वेताळ. आजी ठामपणे म्हणाली, "आमचो वेतोबा असो दिसणा नाय." मग आणखी थोडा वेळ पाहून तिने तो प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही, आणि ती उत्तरासाठी थांबलीही नाही. पाण्याची कळशी उचलून आत गेली.

तिच्या बाजूने तो प्रश्न अगदी रास्त होता. आरवलीचा वेतोबा तिथून फार लांब नाही. रात्री तो गावाच्या रखवालीला फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवस फेडताना त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. देवळात मांडलेल्या त्या चपलांचे तळवे मी लहानपणी वाकून वाकून पाहिले आहेत. आजीच्या ओळखीचा रक्षणकर्ता असा होता. तो फिरतो म्हणजे त्याची पादत्राणं झिजतात, झिजली की कुणीतरी चामडं कापून, टाचून, नवा जोड करून द्यावा लागतो. गावाचं रक्षण तो करतो आणि त्याच्या पायांची काळजी गाव घेतं. चपलांचा हा हिशोब ज्याच्या चित्रात नाही, तो वेताळ तिला अर्धा वाटला असणार.

माझा वेताळ ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या डोक्यातून निघाला होता. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तो वृत्तपत्रांतल्या चित्रपट्टीत अवतरला. सुपरमॅनच्याही आधी दोन वर्षं अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं नसलेला मुखवटा त्याने आणला. डोळ्यांची ती कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचं फॉक सांगत. रंगाची गंमत वेगळीच. फॉकच्या मनात पोशाख करड्या रंगाचा होता, पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. म्हणजे त्या कपड्याचा रंग नायकाने नाही, चित्रकारानेही नाही, छापखान्याकडच्या कुणीतरी ठरवला. त्या माणसाचं नाव मला कुठे सापडलेलं नाही. आजीच्या प्रश्नाचं एक टोक तिथे पोचतं असं मला वाटतं.

आणि दुसरं टोक बांदर लोकांपर्यंत. वेताळाच्या कवटीच्या गुहेभोवती राहणारे, त्याच्यासाठी निरोप पोचवणारे, ढोल वाजवणारे, विषारी बाण सोडणारे बुटके बांदर. एकवीस पिढ्या एका गोऱ्या घराण्यासाठी ते पहारा करतात आणि गोष्ट कायम त्या घराण्याचीच राहते. लहानपणी हे मला खटकलं नव्हतं, आता पान उलटताना हात अडखळतो. मी वाचलेल्या अंकांत वेताळाचे कपडे कुणी धुताना, वाळत घालताना, शिवताना दिसलं नाही. एकविसाव्याच्या अंगावर विसाव्याच्या मापाचा पोशाख कसा बसला, याचीही वाच्यता नाही. बाप मरतो, मुलगा शपथ घेतो, पुढच्या चौकटीत पोशाख अंगावर. मापं कुणी घेतली?

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून. त्याचे कपडे कोण शिवतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या डोंबिवलीच्या गल्लीतला कुठलाही शिंपी ते संध्याकाळपर्यंत देऊ शकला असता. बहादूर मला म्हणूनच जवळचा वाटायचा, आणि वेताळ त्याच कारणाने अद्भुत.

आई घरी शिवण करायची. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल-बीडिंग. दुपारी मशीन थांबलं की त्याच टेबलावर माझा गृहपाठ. मुंबईला परतल्यावर मी तिला आजीचा प्रश्न सांगितला. आईने हसण्यावारी नेला नाही. तिने अंक घेतला, चष्मा लावला आणि प्रत्येक चौकटीत वेताळाच्या अंगावर शिवण शोधली. खांद्यावर नाही, बाजूला नाही, पाठीला चेन नाही. "हा डोक्यातून घालतो की पायातून?" ती विचार करत म्हणाली. "आणि याला बसताना-उठताना जोर पडतो तिथे चौकोन बसवलाय की नाही?" गिऱ्हाईकाच्या कपड्याकडे पाहावं त्या गांभीर्याने ती त्या चित्राकडे पाहत होती. आईचं माझ्या वाचनात इतकं लक्ष मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी अंक आणला की आधी तिला देत असे, आणि ती शिवण शोधत असे.

आता एक तारीख मध्ये येते. २ जून १९३२, अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर. मिचेल सीगल नावाच्या ज्यू स्थलांतरिताचं जुन्या कपड्यांचं दुकान. काही माणसं आत आली आणि त्यांतला एकजण पैसे न देता सूट घेऊन निघाला. त्या गडबडीत मिचेल सीगल कोसळले आणि हृदय बंद पडून गेले. त्यांचा धाकटा मुलगा जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचा मित्र जो शुस्टर, नजर अधू, घरी इतकी ओढगस्त की चित्रं काढायला बांधणीचा तपकिरी कागद नाहीतर भिंतीच्या कागदाची मागची बाजू वापरायचा. जोचे वडील शिंपी होते. या दोन पोरांनी मिळून सुपरमॅन केला, जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला, आणि त्याचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरना विकले होते.

कपड्यांच्या दुकानात बाप गेला म्हणून गोळी न लागणारा पोशाखधारी माणूस जन्मला, असं सरळ समीकरण मांडता येणार नाही. माणसाचं मन तसं चालत नाही. पण एकाचा बाप जुने सूट विकणारा, दुसऱ्याचा बाप सूट शिवणारा, आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध पोशाख या दोघांच्या मुलांनी काढला, हे वाचलं त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. पुढे कॉमिक्सवाल्यांनी त्या पोशाखाची कथाही रचली: परग्रहावरून बाळ ज्या ब्लँकेटांत गुंडाळून आलं, त्यांचे धागे उसवून मार्था केंट या दत्तक आईने तो शिवला. कापडाला कात्री लागेना, म्हणून बाळाच्याच डोळ्यांतल्या तापाने ते कापलं. कॉमिक्समधली मला सर्वांत आवडणारी चौकट ही आहे. आकाशात उडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे शिवणाला बसलेली बाई.

सीगल आणि शुस्टर यांची नावं मात्र त्यांच्याच मुलावरून उसवली गेली. १९४७ मध्ये ते कोर्टात गेले आणि नावं गाळली गेली. सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार म्हणून गाजावाजा सुरू झाला, तेव्हा शुस्टर जवळजवळ आंधळे झाले होते. सीगलनी जाहीर पत्र लिहून दाद मागितली, आणि डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला २०,००० डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं. बॅटमॅनच्या पोशाखाची टोकं ज्याने सुचवली, त्या बिल फिंगरच्या वाट्याला एवढंही आलं नाही. तो १९७४ मध्ये वारला, आणि त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं ते २०१५ मध्ये.

चित्रपटांवर माझा राग आहे तो इथे. स्पायडरमॅनच्या १९६२ मधल्या पहिल्याच गोष्टीत पीटर पार्कर पोशाख स्वतः तयार करतो, गरीब घरातला पोरगा. २००२ च्या चित्रपटात तो वहीत चित्रं काढतो, ढगळ स्वेटशर्ट घालून कुस्तीला उतरतो, आणि थोड्याच वेळात अंगावर असा पोशाख येतो की जो करायला कसबी कारागिरांची खोली भरून लागावी. मध्ये एक टाकाही दिसत नाही. दुसऱ्या भागात, २००४ मध्ये, तो पोशाख पैसे टाकून कपडे धुण्याच्या दुकानात नेतो आणि त्याचा रंग बाकीच्या पांढऱ्या कपड्यांना लागतो. थिएटरमध्ये आईने माझा हात दाबला. "कच्चा रंग," ती म्हणाली. एवढ्या मारामारीत तिला तो मुलगा खरा वाटला तो त्या क्षणी.

मग २०१६ उजाडलं आणि एका अब्जाधीशाने पीटरला पोशाख भेट दिला. पुढच्या वर्षीच्या चित्रपटात तो परत काढून घेतला, तेव्हा पोराने जुने घरगुती कपडे घातले, आणि सिमेंटच्या ढिगाऱ्याखालून तो स्वतःला उचलून बाहेर आला तो त्याच कपड्यांत. त्या प्रसंगाला मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण शेवटी झळाळत्या पोशाखाचीच सरशी झाली. २०१८ पर्यंत तर त्या अब्जाधीशाचा स्वतःचा पोशाख छातीवरच्या डबीतून पाझरून अंगभर पसरू लागला. संगणकाने रंगवलेल्या त्या कवचाला आत-बाहेर नाही, उलट-सुलट नाही, शिवण नाही. आईला आता ते दाखवलं तर ती शोधणार काय?

म्हणून मला 'मिन्नल मुरली'बद्दल एवढी माया. २०२१ चा बेसिल जोसेफचा मल्याळम चित्रपट. वीज पडून शक्ती आलेला जेसन केरळातल्या खेड्यातला शिंपी आहे, वाढवणाऱ्या बापाच्या दुकानात बसणारा. सगळ्या महाशक्तिमान मंडळींत मला भेटलेला हा पहिलाच, ज्याला आजी तो प्रश्न विचारती तर त्याने स्वतःकडे बोट दाखवलं असतं. आईने तो दोनदा पाहिला. दुकानातलं मशीन, टेबलावरची टेप, कापडाचे तागे ती थांबवून थांबवून पाहत होती. तेव्हाच तिने मला आजीची ती गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती.

गावच्या जत्रेत दशावतार. आई दहा-बारा वर्षांची. दशावतारात सगळी कामं पुरुषांची, रंगायची जागा देवळाच्या कडेला, कापडं लावून आडोसा केलेली. रात्रभर राजे, राक्षस, ऋषी यायचे, आणि दिवसा हीच माणसं कुठे शेतात, कुठे दुकानात. आपले कपडे, मुकुट, दागिने पेटाऱ्यात घालून गावोगाव न्यायचे. कपड्यांची डागडुजीही ज्याची त्याने करायची. त्या रात्री विष्णूच्या अंगरख्याची बाही बाहेर पडायच्या अगोदर फाटली. आत हलकल्लोळ. आजी वाटेवरच बसली होती, आणि तिच्या कनवटीच्या पिशवीत सुई-दोरा असायचाच. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून विष्णूने आडोशाच्या फटीतून हात तेवढा बाहेर काढला. चेहरा आत, हात बाहेर. आजीने गॅसबत्तीच्या उजेडात त्या हातावर बाही शिवली, दोरा दाताने तोडला आणि लगबगीने फिरून पुढे येऊन बसली.

मृदंग वाढला, झांजा वाजल्या, विष्णू रंगात आला. सगळ्या बायकांनी हात जोडले, आजीनेही जोडले, डोळे मिटून. मग डोळे उघडून तिने आईला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "उजवो हात बघ. टाको दिसता काय?"