आजीची कासंडी

पुरलेल्या धनाची गोष्ट रात्री सांगावी, आणि ऐकणाऱ्याने पांघरूण कानांवरून घेतलेले असावे, असा संकेत आहे. आमच्या घरी मात्र ही गोष्ट भर दुपारी, भात पाखडताना नाहीतर मासळी साफ करताना निघायची, आणि ती निघाली की कोणीतरी रागाने उठून जायचे. धनाजवळ नाग बसलेला असतो म्हणतात. आमच्या धनाजवळ माझी आत्या आणि माझे वडील बसले होते, एकमेकांकडे पाठ करून.

धन ते केवढे? एक पितळी कासंडी, आणि तिच्यात चांदीचे दोनशे रुपये. माझी आजी मिठागरात मजुरी करी. हाती आलेला रुपया ती दगडावर वाजवून घेई. 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली; त्यानंतरचा रुपया तिने कासंडीत कधी टाकला नाही. ‘बोद वाजतो,’ म्हणे. राणीछाप आणि पंचम जॉर्जचे तेवढे तिच्या लेखी रुपये. त्यातला प्रत्येक बरोबर एक तोळ्याचा. दोनशे तोळे म्हणजे आजच्या मापाने सव्वादोन किलोंच्या थोडे वर. राजेरजवाड्यांना यात हसू येईल. पण डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून जमवलेले दोनशे तोळे ज्याने पाहिले आहेत, त्याला येणार नाही.

14 एप्रिल 1944 रोजी, दुपारी चार वाजून गेल्यावर, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ बोट फुटली. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच बोटीत भरण्याचे शहाणपण कोणाचे होते कोण जाणे! त्याच बोटीत सोन्याच्या विटाही होत्या, आणि पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना त्या सापडत असत. आमच्या घरी त्या दिवशी फळीवरची भांडी खाली आली. आजोबा त्याच गोदीत हमाल होते. खाडीपलीकडचे आभाळ लाल झालेले, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि गावात आवई उठली की जपानी आले. त्या रात्री आजीने आठ वर्षांच्या लेकीच्या हाती कंदील दिला, तीन वर्षांच्या लेकाला निजवले, आणि शेताच्या बांधावरच्या चिंचेखाली कासंडी पुरली. आजोबा तिसऱ्या दिवशी परत आले, भुवया जळून गेलेल्या. कासंडी मात्र जमिनीतच राहिली.

कंदील धरणारी ती माझी आत्या, आणि निजलेले ते माझे वडील.

पुढे आत्याचे लग्न झाले, आजोबा गेले, वडील मुंबईला गिरणीत लागले. कासंडीचे विचारले की आजी म्हणे, “चिचेखाली हाय. तीन पावलां.” कोणत्या दिशेने आणि कोणाची पावले, हे ती सांगत नसे. 1969 साली तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, आणि चारच दिवसांत तीही गेली. दिवस झाल्यावर वडिलांनी तीन रात्री खणले. काही मिळाले नाही, आणि त्यांनी मनाशी ठरवले, की कंदील धरणारीनेच डाव साधला. बारा वर्षांनी वडिलांनी सिमेंटचे घर बांधले. तेव्हा आत्याने ठरवले, की भावाने साधला. त्या वर्षीपासून तिची भाऊबीज बंद झाली. मी लहानपणी दरवर्षी पाहत असे : वडील अभ्यंगस्नान करून ओटीवर बसत, मोऱ्याच्या लाँचची वेळ टळून जाई, आणि मग ते टोपी खुंटीला लावत.

त्या घरावरचे कर्ज मी मॅट्रिक झालो त्या वर्षी फिटले. मी मॅट्रिकवरच थांबलो आणि मास्तर झालो त्याला तेही एक कारण. पण आत्याने कधी विचारले नाही, आणि न विचारता हिशेब दाखवावा असा आमच्या घरचा स्वभाव नव्हे.

गेल्या मार्गशीर्षात आत्या अचानक आली. नव्वदीला टेकलेली बाई, माझगावहून एकटी, लाँचने! 2024 च्या जानेवारीत एकाच दिवशी आमच्याकडे समुद्रावरचा पूलही झाला आणि उरणपर्यंत आगगाडीही आली. तिला त्याचे सोयरसुतक नाही. वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. चहा पिऊन म्हणाली, “मास्तर, मना शेतावर ने.”

आता शेत कुठले? नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले त्यात ते गेले. जानेवारी 1984 मध्ये, 16 आणि 17 तारखेला, जासईच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मेले. त्या लढ्यातून दि. बा. पाटलांच्या पाठीमागे उभ्या राहिलेल्या माणसांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचे वचन मिळाले. 1989 साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि भाताच्या खाचरांवर कंटेनर उभे राहिले. हे सारे आत्याला ठाऊक होते. तरी ती रिक्षातून उतरली आणि उभीच राहिली. समोर पत्र्याची भिंत, तिच्याआड चार-चार मजले रचलेले लोखंडी पेटारे. चिंच नाही, बांध नाही, उघाडी नाही. द्रोणागिरीचा डोंगर तेवढा जागेवर होता.

फाटकावरचा रखवालदार परमुलखातला. त्याने तिला आपले स्टूल दिले आणि विचारले, “अम्मा, किसको ढूँढती हो?” आत्याने त्याला शुद्ध आगरी बोलीत सगळी गोष्ट सांगितली. त्याला काय कळले देव जाणे. पण त्याने मान डोलावली आणि आपल्याही गावी आजोबांचे असेच काही एका विहिरीजवळ असल्याचे सांगितले.

“किती भराव घातला रे?” आत्याने मला विचारले.

“दोन पुरुष तरी असेल.”

“म्हंजे कासंडी आता त्याच्याही खाली.” जरा थांबून तिने विचारले, “आन् सापडली तर कोनाची?”

कादंबरीसाठी म्हणून मी एकदा तो कायदा वाचला होता. 1878 सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. पण पुरून शंभर वर्षे झालेली नसतील, तर पुरणाऱ्याच्या वारसाला दिवाणी कोर्टात आपला हक्क शाबीत करता येतो. मी बोटांवर मोजून सांगितले, “2044 पर्यंत आपलीच.”

आत्या हसली. इतक्या वर्षांत तिला हसताना मी प्रथमच पाहिले. मग पत्र्याला हात लावून म्हणाली, “तुज्या बापाना नाय काढली. काढली असती तर त्याचे तोंडावर दिसली असती. येवरा मना आदी कलाला पायजे होता.”

मी काही बोललो नाही. वडीलही तिच्याविषयी तेच समजत होते, हे त्या घडीला सांगवले नाही.

गोष्ट इथे संपती तर बरे झाले असते. पण या गणपतीच्या आधी घर रंगवायला काढले, आणि आजीची लाकडी पेटी माळ्यावरून खाली आली. तिच्या तळाच्या कागदाखाली एक पावती होती, 1961 सालची. कूळकायद्याने शेत कुळाच्या मालकीचे होणार होते. त्यासाठी सावकाराला द्यायची किंमत हप्त्यांनी फेडण्याची सवलत होती. आजीने ती एकरकमी भरली होती. वडील तेव्हा गिरणीत बदली कामगार. मिठागरातली मजुरी म्हणजे हातातोंडाची गाठ. मग एवढी रक्कम आली कुठून?

माझा तर्क वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. आणि तो खरा असेल तर चिंचेखाली काही नसताना आजी आठ वर्षे “हाय” म्हणत राहिली. का, ते मला थोडेसे समजते. जिच्या नावावर पुरलेली कासंडी आहे, त्या म्हातारीला सून ताट वेळेवर वाढते आणि लेक लाँच पकडून भेटायला येते.

पण प्रश्न दुसराच आहे. कासंडीतले निम्मे आत्याचे, असे आजी चारचौघांत बोलली होती. त्या कासंडीचे शेत झाले असेल, तर शेतातले निम्मे आत्याचे होते. शेत गेले, त्याचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला. त्या वेळी वडिलांनी कागद पाठवला, आणि तोंड फिरवून का होईना, आत्याने मुकाट्याने हक्कसोडीवर अंगठा दिला. तो भूखंड आज माझ्या नावावर आहे. त्यावर मुलाच्या शिक्षणाची गणिते मांडलेली आहेत.

बायको म्हणते, पावती दाखवा. मुलगा म्हणतो, तुमचा तर्क आहे ना, मग कशाला? मी ती पेटीतून काढून भिंतीवरच्या कॅलेंडरमागे ठेवली आहे. यंदा भाऊबीजेला येते म्हणून आत्याचा निरोप आला आहे. मोऱ्याला पहिल्या लाँचवर मीच जाणार आहे.