मावळचा कुडा आणि हळवे पोट

पुण्याहून लोणावळा लोकलने निघावे आणि मळवलीला उतरावे. भाजे गाव ओलांडून लोहगडाकडे चालू लागले, की मावळातले डोंगरउतार जवळ येतात. उन्हाळा सरता सरता या उतारांवर कुडा फुलतो. पांढरी, सुवासिक फुले. फुलांची भाजी करावी, आणि जुलाब लागले तर सालीचा कडू काढा घ्यावा, ही जुनी रीत. आयुर्वेदातला कुटज तो हाच. कुटजारिष्ट याच्याच सालीचे.

पण ओळख पक्की हवी. औषधी पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी जुळलेल्या दिसतात. चीक दोघांनाही येतो, आणि सालीची भेसळ तिथेच होते.

काहींचे पोट मात्र वर्षानुवर्षे कुरकुरते. कधी जुलाब, कधी मलावरोध, शौचाला जाऊन आले की कळ थांबते. तपासणीत जखम वा सूज सापडत नाही. डॉक्टर याला 'आय. बी. एस.' म्हणतात. आयुर्वेदातील ग्रहणी याच्या जवळची. ग्रहणीवर ताकाची थोरवी चरकसंहितेतही आहे. कुडा मल बांधतो. म्हणून ज्याला मलावरोध आहे, त्याने तो घेऊ नये. त्याला भरपूर पाण्याबरोबर इसबगोल बरा.

या दुखण्यात मनाचाही वाटा मोठा. काळजी वाढली की आतडे बिथरते. मळवलीपुढेच लोणावळा. तेथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणाने मोजून पाहिले. योगोपचार तेथे आजही चालतात. मात्र नौली पुस्तक वाचून करू नये, जाणत्याकडूनच शिकावी.

आणखी एक सांगणे. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असेल तर काढ्यात दिवस घालवू नका. आतड्याचा क्षय किंवा कर्करोगही असाच सुरू होतो. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग वैद्यांच्या सल्ल्याने औषध ठरवा.

आणि साल काढायचीच झाली, तर खोडाभोवती सगळीकडून सोलू नका. तसे केले की झाड वाळते. एका बाजूची पट्टी पुरते. कुडा जगला, तर पुढच्या पिढीलाही तो उपयोगी पडेल.