मामीची चूल आणि मामाचं मशीन

आमचं आजोळ देवळाली प्रवरा. नाशिकजवळचं तोफखान्याचं देवळाली वेगळं, हे राहुरी तालुक्यातलं, उसाच्या मुलखातलं. दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं :)

या आजोळच्या पडवीत सध्या दोन चुली आहेत. एक मामीची मातीची. दुसरी पत्र्याची, बादलीएवढी, आणि तिला चक्क पंखा आहे. ही लाकूड खात नाही, पेलेट खाते. पेलेट म्हणजे भुसा, बगॅस, शेंगांची टरफलं असलं काहीबाही दाबून केलेल्या कांड्या. दिसायला थेट म्हशीच्या गोळी पेंडेसारख्या. आज लिहायचंय ते या चुलीच्या साफसफाईबद्दल. विषय रटाळ वाटेल, पण थोडं थांबा.

मामाने ही चूल जुनीच घेतली. मूळ मालकाकडे गॅस आल्यावर ती गोठ्यात पडून होती, पत्र्यावरचं नावसुद्धा पुसलं गेलेलं. घ्यायचं कारण मामीचा खोकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर बंद. गॅस घरात आहेच, चहा, वरण-भात त्यावर होतो. पण शेतावर माणसं असली की दहा-बारा जणांच्या बाजरीच्या भाकरी थापायच्या असतात. तेवढ्याला सिलिंडर पुरवायचा म्हणजे खिशाला चटका. म्हणून भाकरी चुलीवर आणि धूर मामीच्या छातीत, असं चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर फुंकणी धरलेली मामीच आली.

अशा चुलींचा मोठा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी पंख्याची पेलेट चूल तयार केली आणि २००६ च्या सुमारास बीपी कंपनीने ती 'ऊर्जा' नावाने महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूत आणली. चार लाखांच्या आसपास चुली खपल्या. पुढे कच्चा माल महागला, त्याबरोबर पेलेटही महागल्या, आणि घरगुती गिऱ्हाईक हळूहळू सुटलं. मामाची चूल त्याच धर्तीची.

तिची युक्ती छान आहे. कांड्या भरायच्या आणि वरून पेटवायच्या. आम्ही कापराच्या दोन वड्या ठेवतो. पंख्याची थोडी हवा खालून जाते, तिने कांड्यांचा धूर (म्हणजे खरं तर जळाऊ वायू) निघतो. उरलेली हवा वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो धूर तिथल्या तिथे जाळून टाकते. धूर बाहेर येण्याआधीच त्याचं इंधन होतं! पण सगळी मदार त्या भोकांवर. वरची भोकं काजळीने बुजली की धूर जळत नाही, तसाच बाहेर पडतो. मग पंख्याची चूल आणि तीन दगडांची चूल यात फारसा फरक उरत नाही. म्हणजे ही साफसफाई दिसण्यासाठी नाही. भोकं बुजली तर घेतल्याचा उपयोगच काय?

तर आता पद्धत. कुणाकडे अशी चूल पडून असेल तर उपयोगी पडेल.

आधी चूल पूर्ण गार होऊ द्यायची. रात्रीच्या राखेत सकाळीही निखारा असू शकतो. पंख्याची वायर काढायची, चूल उपडी करून राख झाडायची. जाळीवर कधीकधी काचेसारखे कडक खडे चिकटलेले असतात, वीटभट्टीतल्या खंगरासारखे. शेतातल्या काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅश आणि वाळूचा अंश जास्त असतो, तो भर आचेला वितळतो आणि गार झाला की असा दगड होतो. तो खुरपीच्या टोकाने हलकेच उचकटायचा. हातोडी अजिबात नको, कारण आतलं अस्तर भाजक्या मातीचं असतं. त्यावर पाणीही ओतायचं नाही, नाहीतर तडा ठरलेला. बारीक भेग असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली फायरक्ले भरून दोन दिवस वाळवायचं.

मग भोकं. खालची-वरची सगळी, एकेक करून, दाभणाने. बाहेरची काजळी जुन्या टूथब्रशने. शेवटी पंखा. त्याच्या पात्यांवर राखेबरोबर भाकरीचं पीठ बसतं! ते कोरड्या फडक्याने पुसायचं. बॅटरी गेली होती, ती गावातल्याच रेडिओ दुरुस्तीवाल्याने बदलून दिली. एवढं केल्यावर चूल निळसर ज्योतीने पेटली. मामी लांबूनच म्हणाली, "आरं, ही तर गॅसवानी दिसती!"

पण चूल साफ झाली, खायला काय घालायचं? पेलेट आजही बनतात, पण त्या ट्रकने बॉयलरकडे आणि वीज केंद्रांकडे जातात. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली कोळशाच्या केंद्रांत ५ टक्के पेलेट मिसळायचं धोरण आणलं, तेव्हापासून त्यांना मोठी मागणी आहे. भाकरीसाठी दहा किलोची पिशवी मागणाऱ्या मामाला कोण विचारतो? एक पोतं मिळालं, ते महिन्यात संपलं. गंमत म्हणजे आजूबाजूला जळण पडलेलं असतं. ऊस तुटला की शेताशेतात पाचट पेटवतात, रात्री आभाळ लाल दिसतं. याच पाचटाचा कोळसा करायची रीत पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने बसवली आणि त्यासाठी २००२ साली त्यांना लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. सुटं पाचट मात्र या चुलीत चालत नाही, भसकन पेटतं आणि संपतं.

शेवटी तुराट्या कामाला आल्या. वाळलेल्या तुराट्यांचे बोटाएवढे तुकडे करून भरले की चूल चालते. पेलेटइतकी नाही, पण चालते. फक्त त्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या तर पंखाही हरतो. आणि तुकडे करायला वेळ लागतो. हा वेळ कोण देणार, यावर माझा सगळा हिशेब अडला होता. मामीच्या कामात आणखी एका तासाची भर घालून तिचा खोकला कसा बरा होणार?

इथे एक मजेशीर गोष्ट घडली. मातीच्या चुलीची राख काढणं, तिला पोतेरं घालणं, वैलाची भेग लिंपणं, हे मामीने चाळीस वर्षं केलं. मामाने कधी पाहिलंही नसेल. पण हिला पंखा आहे, वायर आहे, बॅटरी आहे. म्हणजे हे 'मशीन'. आणि मशीन म्हटल्यावर मामा दाभण घेऊन बसले. रोज सकाळी भोकं मोकळी करतात, संध्याकाळी कोयत्याने तुराट्या तोडतात. मामीने हात लावला तर म्हणतात, "राहू दे, तुला नाही जमायचं."

मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाळीस वर्षं चूल संभाळली, तवा नाही जमायचं म्हणलं नाही कुणी." मग हसली, आणि हसता हसता खोकली.

खोकला अजून आहे. इतक्या वर्षांचा धूर एका हंगामात जायचा नाही, डॉक्टरांनीही तशी आशा दाखवलेली नाही. पण भाकरी करताना ती मधेच उठून बाहेर येत नाही, पदराने डोळे पुसत नाही. मला सध्या तेवढं पुरे आहे.

असो. नगर-श्रीरामपूरकडे कुणी सुट्या पेलेट विकत असेल तर जरूर कळवा. आणि मावशी, तू वाचतेयस हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी देवळालीला जाशील तेव्हा मिठाई नको, दोन जुने टूथब्रश ने. मामांचे झिजलेत.