आधी एकेक हात?

पियानो शिकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'आधी एकेक हात पक्का करा, मग दोन्ही जोडा.' शोपाँच्या 'फॅन्टसी इम्प्रॉम्प्टू'पुढे हा सल्ला अपुरा पडतो आणि कष्टाळू विद्यार्थी मात्र स्वतःलाच दोष देत बसतो, याची मला मनापासून चीड आहे. या रचनेत एका मात्रेत उजवा हात चार स्वर वाजवतो, डावा तीन. मात्रेचे 12 भाग करून पाहा. उजव्याचे स्वर 1, 4, 7 आणि 10 या भागांवर पडतात, डाव्याचे 1, 5 आणि 9वर. मिळून ठोके होतात सहा आणि त्यांतली अंतरं सारखी नाहीत : लांब, आखूड, मध्यम, मध्यम, आखूड, लांब. ही चाल उजव्या हातात नाही, डाव्यातही नाही. मग वेगवेगळे हात घोटून ती येणार कुठून? त्यात पाचव्या बारला उजवा हात शिरतो तो विराम घेऊन. जिथे दोघांनी भेटायचं, तिथे डावा एकटाच असतो.

तबलजींना यात नवल वाटणार नाही. 'धा' वाजतो दोन्ही हातांनी, पण शिकणारा तो एकच बोल म्हणून आधी तोंडाने म्हणतो. बाखनेही 1723च्या 'इन्व्हेन्शन्स'च्या मुखपृष्ठावर पायऱ्या सांगितल्या त्या आधी दोन आवाजांच्या, मग तीन आवाजांच्या. एका हाताची पायरी तिथे नाही.

बोटं कुठली वापरायची हे एकेका हातानेच ठरतं, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. डाव्या हाताच्या लांब उड्या वेगळ्या घोटाव्याच लागतात. पण तो बोटांचा अभ्यास झाला, लयीचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : असा हिशेब करत वाजवलं तर संगीत उरेल का? मूळ गतीत 12 भाग मोजणं कुणालाच शक्य नाही आणि मोजूही नये. तिथे फक्त मात्रेचा आरंभ धरायचा असतो. हिशेब संथ सरावापुरता, सहा ठोक्यांची चाल कानात बसेपर्यंत. म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे : पहिल्याच दिवशी, कितीही संथ का होईना, एक पूर्ण मात्रा दोन्ही हातांनी वाजवून घ्या.