पिशवी कधी काढली?

मायच्या पाठीत चमक भरली ती पाण्याचा हंडा उचलताना. उसण भरली की आमच्या वालूरात पायाळू माणसाची लाथ मारून घेतात. तिनं तीही घेतली. मग बाम, मग सेलूला जाऊन इंजेक्शन. दुखणं हटेना तेव्हा परभणीला एक्स-रे काढला. पाठीचा शेवटचा मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला. मोडक्या मणक्यावर लाथ बसली होती, या विचारानं मला घाम फुटला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, एका हंड्यानं मणका मोडत नाही. पिशवी कधी काढली?"

पाठीच्या डॉक्टरानं हे विचारावं याची मायला लाजच वाटली. तिशीही उलटली नव्हती तेव्हा तिची. अंगावरून पांढरं जायचं. "कॅन्सर होईल" अशी भीती घातली आणि एका खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढली. घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीतून त्या दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद काढला. त्यात दोन्ही अंडाशयंही काढल्याची नोंद होती. मायला हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

हाड सतत झिजतं आणि सतत भरून निघतं. झिजेला आवर घालणारं इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयातून येतं. ते तरुणपणीच थांबलं की झीज भरीपेक्षा पुढे पळते. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. म्हणून ड जीवनसत्त्वासाठी "कोवळ्या उन्हात बसत जा" हा सल्ला ऐकून मला हसू आलं. जिचा जन्म खुरपण्यात गेला तिला उन्हाची काय कमी?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी संभाजीनगर गाठलं. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये ठरवलेली रेघ. माय त्याच्या बरीच खाली होती. आता आठवड्याला एक गोळी: उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाआधी गोळी, हेच तिला सगळ्यात जड जातं.

माय एकटी नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मुकादम, पाळीमुळे पडणारे खाडे, दवाखान्यांचे दर यांवर बरंच बोललं गेलं, ते हवंच होतं. पण या बाया पन्नाशीला येतील तेव्हा त्यांच्या मणक्यांचा हिशेब कोण ठेवणार?

आता माझ्या भावजयीलाही पिशवी काढायला सांगितलंय. वय चौतीस. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंय. कागदावर तिला प्रश्न लिहून दिलेत. गोळ्यांनी भागेल का? काढलीच तर अंडाशयं ठेवणार ना? भाऊ म्हणतो, असं विचारलं तर डॉक्टर चिडतील. चिडू देत.